पंखा थांबला की

ओझेला आत्या मार्चमध्ये गेली. झोपेत गेली असं डॉक्टरनं कागदावर लिहिलं, पण ज्यांनी तिला बघितलंय त्यांना ते अजून पटत नाही, कारण ती पडलेली कुणी कधी बघितलीच नव्हती. पायाला भिंगरी होती तिच्या. सगळे जेवायला बसले की ही स्टोव्हपाशी उभी, कोंबडीच्या पाठीचा तुकडा हातात धरून चोखत, आणि डोळे सगळ्यांच्या ताटांवर. चर्चमध्ये शेवटच्या बाकाच्या टोकाला टेकायची, प्रवचन लांबलं की उठून मागच्या स्वयंपाकघरात. पास्टर व्हिटलॉ म्हणायचे, मिस ओझेलाला स्वर्गात खुर्ची दिली तर ती खुर्ची पुसेल आणि शेजारी उभी राहील.

तिचं सांगायचं तर कोंबडीचं सांगावं लागतं. त्याला इलाज नाही.

अलाबामात आमच्या भागात कोंबडी सगळेच तळतात. पण कुणाच्या घरचं मयत असलं, की लोक आधी पास्टरला फोन करायचे आणि मग ओझेलाला. दोन्ही झालं की मग रडायला बसायचे. चाळीसच्या वर वर्षं चाललं हे. तिच्या आईनं तिला नवव्या वर्षी स्टुलावर उभं करून शिकवलं होतं. तवा आईचाच, बिडाचा, खोल काठाचा, इतका काळा की आत बघितलं तर तोंड दिसावं. साबण त्याला कधी लागला नाही. कोंबडी लहान घ्यायची, तीन पौंडाच्या आतली. दहा तुकडे करायचे, आणि छातीतलं ते दुफाटी हाड मांसासकट वेगळं काढायचं, हल्लीच्या दुकानवाल्यांना ते येतच नाही. रात्रभर मिठाच्या पाण्यात, मग ताकात. मग कागदी पिशवीत मैदा, मीठ, काळी मिरी, थोडी लाल मिरची, आणि पिशवी हलवायची. पीठ लागल्यावर तुकडे तसेच ठेवायचे, पीठ ओलं दिसेपर्यंत. घाईवाल्यांचं तिथंच चुकतं. मग तापलेल्या डुकराच्या चरबीत सोडायचे.

आणि मग ऐकायचं. आई म्हणायची, "बघू नको, ऐक. आधी ती भांडते. भांडू दे. मग कुजबुजायला लागते. कुजबुजली की उलट. दुसऱ्या बाजूनं परत भांडेल, परत कुजबुजेल, की काढ." एवढंच. मिनिटं नाहीत, काही नाहीत. घरात घड्याळच नव्हतं तर मिनिटं कुठून येणार.

पुढं ती गोऱ्या मिसेस कॉलियरकडं कामाला लागली, मागच्या दारानं आत जायचं आणि मागच्याच दारानं बाहेर, एकोणतीस वर्षं. त्या बाईला एकदा हुक्की आली की आपण शिकायचं. मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेऊन उभी राहिली.

"किती मिनिटं, ओझेला?"

"ती सांगेल तेव्हा, मॅडम."

"कोण सांगेल?"

"कोंबडी, मॅडम."

बाईला वाटलं ही चेष्टा करतेय. तिनं वहीत तेरा मिनिटं लिहिलं, रविवारी पाहुणे बोलावले, आणि सोमवारी ओझेलाला काही न बोलता ती वही फडताळात टाकून दिली. हे ओझेला दर होमकमिंगला सांगायची आणि दर वेळी तितकंच हसायची.

होमकमिंग म्हणजे ऑगस्टचा दुसरा रविवार. गाव सोडून डेट्रॉइट, शिकागो, क्लीव्हलंडला गेलेले सगळे त्या दिवशी चर्चला परत येतात. ओझेलाचा भाऊ क्लीव्ह असाच गेला होता. आईनं त्याला बुटाच्या खोक्यात कोंबडी आणि केकचा तुकडा बांधून दिला होता, कारण वाटेत आपल्या काळ्या माणसांना कुठं बसून खाऊ देणार नाहीत हे ठाऊक होतं. क्लीव्हची आईवेगळी पोरगी लव्हर्न तेव्हा सहा वर्षांची. घर लागलं की बोलावतो म्हणाला. घर लागलं, बायको लागली, पोरगी काही बोलावली नाही. लव्हर्न ओझेलापाशीच वाढली. ओझेलाला स्वतःचं मूल नव्हतं, नवरा रूफस लवकर गेला, तर त्या दोघीच एकमेकींना. लव्हर्न मोठी झाली, शाळेची बस चालवायला लागली, रस्त्यापलीकडं घर केलं, दोन पोरं झाली. तरी लहानपणची एक गोष्ट सगळ्यांना आठवते. रविवारी पोरं अंगणात खेळत असायची, आणि कोंबडी तव्यातून निघाली की कुणी हाक मारायच्या आधीच लव्हर्न खेळ टाकून पायरीवर येऊन उभी राहायची. ओझेला जाळीच्या दारातून म्हणायची, "हिच्या पोटात घड्याळ आहे."

आता कानांचं.

कान एकदम गेले नाहीत. आधी पक्षी गेले. मग चमचे, ताटल्या, टेलिफोनची घंटी. जाड आवाज ऐकू यायचे, पास्टरचा यायचा, कुत्र्याचा यायचा, म्हणून तिला कळलंच नाही काय जातंय ते. तिला वाटलं जगच जरा हळू झालंय. टेलिफोन बिघडला म्हणून तिनं तीनदा माणूस बोलावला. तो येऊन घंटी वाजवून दाखवायचा, ती मान हलवायची.

मग सातेक वर्षांपूर्वी जूनमध्ये चर्चमधले ब्रदर होसी गेले. मयताच्या जेवणाला कोंबडी अर्थात ओझेलाची. तिनं पहिला तुकडा चरबीत सोडला आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, बुडबुडे आले, पण आवाज नाही. तिला वाटलं चरबी तापलीच नाही. तिनं आच वाढवली. अजून आवाज नाही. अजून वाढवली. बाहेरून कोंबडी झकास लाल दिसली, तिनं काढली, झाकली, नेली.

पास्टरला पहिला मान. त्यांनी मांडी उचलली, दातांनी तोडली, आणि हाडापाशी रक्त. चांगला माणूस. त्यांनी हळूच कागदी रुमाल घेतला, त्या तुकड्यावर टाकला, आणि शेजारच्या बाईशी हवापाण्याचं बोलायला लागले.

ओझेला भिंतीपाशी उभी होती. तिनं तो रुमाल बघितला. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन तिनं तवा तीनदा पुसला, अंगणात गेली, आत आली, परत अंगणात गेली. त्या रात्रीपासून तिची झोप गेली. तव्यात काय चुकलं ते तिला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण ते शब्दात आणलं की खरं होणार, म्हणून ती चालत राहिली.

जुलैच्या शेवटी बायकांची बैठक, होमकमिंगला कुणी काय आणायचं. स्वयंपाकाची मुख्य सिस्टर युला, पुरं नाव युला मे. चर्चमध्ये सगळ्याच एकमेकींना सिस्टर म्हणतात, पण ओझेला आणि युला म्हणायच्या तेव्हा त्यात जरा खडा असायचा. युला बटाट्याचं सॅलड करायची आणि आयुष्यभर तिच्या मनात होतं की लोकांनी त्याबद्दलही फोन करावा.

युला म्हणाली, "सिस्टर ओझेला, या वर्षी तू विश्रांती घे. तू नुसता केक आण."

ओझेलाला शब्द अर्धेच कळले, पण युलाचं तोंड गोड झालेलं दिसलं, तेवढ्यावरून बाकीचं कळलं.

"केक तुझी सून आणते."

"सुनेचं सोड. तुझं वय झालं."

"तू माझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी आहेस, युला मे. मी तुला पाळण्यात बघितलं नाही एवढंच."

बायका हसल्या. युलानं हसू दिलं. मग वही मिटून म्हणाली, "बरं, तू तळ. पण मी दुकानातल्या तळलेल्या कोंबडीचे आठ डबे सांगून ठेवते. नडीला असू देत. स्वयंपाकघरात झाकून ठेवीन, लागले तर उघडू, नाहीतर पोरांना घरी."

सगळ्यांना जूनचा रुमाल आठवत होता. ओझेलानं हे मात्र नीट ऐकलं, कारण युलानं ते सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं होतं. दुकानातले डबे. ते एकदा उघडले की पुढच्या वर्षी तिला कुणी विचारणार नाही, आणि मयताच्या घरचा फोनही येणार नाही. मग ती कोण? एक म्हातारी, जिला कधीकाळी कोंबडी यायची.

होमकमिंगच्या आठवड्यात सोमवारी तिनं रूफसचं घड्याळ शोधून काढलं, किल्ली दिली आणि स्टोव्हच्या फळीवर ठेवलं. तेरा मिनिटं. मिसेस कॉलियरची तेरा मिनिटं. तळली, मोडून बघितली, आत कच्ची. मंगळवारी सोळा. बाहेरून जळाली. बुधवारी चौदा, आणि ती बरी आली, पण लगेच त्याच चौदा मिनिटांत दुसरी सोडली तर ती वाया, कारण दुसऱ्या खेपेला चरबी वेगळीच असते, कोंबडीही वेगळी असते. घड्याळाला यातलं काय कळणार. शेजाऱ्याचा कुत्रा तीन दिवसांत इतका सुटला की बुधवारी संध्याकाळी नुसता वास घेऊन निघून गेला. ओझेला घरात येरझारा घालत होती. पाय सुजले तरी थांबेना. बसलं की डोळ्यासमोर तो रुमाल यायचा.

गुरुवारी लव्हर्न बस लावून तिच्याकडं आली, टोमॅटो द्यायला. जाळीचं दार वाजवलं. हाक मारली. परत मारली. आत धूर आणि वास, म्हणजे बाई घरात आहे. ती आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

ओझेला तव्यावर ओणवी झाली होती. पूर्ण ओणवी, डोकं वाकडं करून, कान चरबीपासून वीतभर अंतरावर. तेल उडत होतं आणि ती हलत नव्हती. गालावर लाल लाल ठिपके, काही नवे, काही दोन दिवसांचे.

लव्हर्न तिच्या पाठीमागून साध्या आवाजात म्हणाली, "आत्या, तुझ्या एप्रनला आग लागलीय."

काही नाही.

"आत्या, पास्टर आलेत. उघडेच आलेत, चड्डीसुद्धा नाही."

काही नाही. लव्हर्ननं टोमॅटो टेबलावर ठेवले. तिला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. ती पुढं होऊन समोर उभी राहिली. ओझेला दचकली, ताठ झाली, आणि पहिली गोष्ट काय केली तर गालावरून हात फिरवला.

"चोरासारखी येतेस."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते."

"तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. लहानपणापासून. तुझा बापही तसाच."

"मी तुला आगीचं सांगितलं."

"कसली आग?"

ओझेलानं काटा घेऊन कोंबडी उलटली, वेळ झाली होती की नव्हती देव जाणे, हाताला काम पाहिजे म्हणून उलटली. मग म्हणाली, "तेल ऐकू येत नाही. बाकी येतं."

"शहरात कानाचं मशीन मिळतं."

"मिळू दे. रविवारच्या आत मिळतं का?"

"मग मी तळते. तू शेजारी उभी राहून सांग."

इथं ओझेला चिडली. "काय सांगू? मलाच कळलं असतं तर मी काय करत होते? आणि तू कधी काटा धरलाय? तुला फक्त खायला येतं."

ते खरंच होतं. लव्हर्नला कोंबडी तळता यायची नाही. ज्या घरात ओझेला तिथं दुसऱ्या कुणाला काटा मिळायचाच नाही. लव्हर्न दाराकडं वळली, जाताना म्हणाली, "रविवारी पहाटे येते. खोके उचलायला तरी लागेल कुणीतरी."

"कुणाला सांगू नको."

"पोटात घड्याळ आहे माझ्या, तोंडात घंटा नाही."

शुक्रवार, शनिवार कसे गेले विचारू नका. शनिवारी ओझेलानं दहा कोंबड्या कापल्या, मिठात घातल्या, आणि फडकी धुतली, वाळली नाहीत तोच परत धुतली. रविवारी उजाडायच्या आत तिनं चरबी तापत ठेवली. लव्हर्न आली, खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली. ऑगस्टचा उकाडा, पहाटेच घाम. चर्चमधला पुठ्ठ्याचा हातपंखा होता, एका बाजूला पाण्याचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला अंत्यविधीवाल्यांचा पत्ता. तो घेऊन ती वारा घ्यायला लागली.

पहिली कोंबडी घड्याळावर. जळाली. दुसरी कच्ची. दोन्ही ओझेलानं बादलीत टाकल्या, वर फडकं टाकलं, आणि स्टोव्हला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. आठ उरल्या होत्या. युलाचे आठ डबे दोघींनाही दिसत होते, जणू टेबलावरच ठेवलेत.

ओझेलानं तिसरी सोडली आणि घड्याळ पालथं घातलं. आता काही नको. तिला कुठं बघावं कळेना, तव्यात बघवेना, म्हणून ती लव्हर्नकडं बघत राहिली. लव्हर्न खिडकीबाहेर बघत होती. पंखा हलत होता, इकडून तिकडं, इकडून तिकडं, झोप आलेल्या बाईचा हलतो तसा.

आणि मग पंखा थांबला.

लव्हर्नला पत्ता नव्हता. ती बाहेरच बघत होती. फक्त हात थांबला आणि मान थोडी वर झाली, अगदी अशी, जशी अंगणात खेळ टाकून पायरीवर यायची तेव्हा व्हायची.

ओझेलानं काटा घातला आणि तुकडे उलटले. सगळे एकसारखे, मधाच्या रंगाचे. पंखा परत सुरू झाला. ओझेला आता तव्याकडं बघतच नव्हती. ती पंख्याकडं बघत होती, आणि छाती अशी धडधडत होती की तेवढं मात्र तिला ऐकू येत होतं. पंखा चालला, चालला. थांबला. तिनं तुकडे काढले, कागदावर टाकले, एक मांडी हातात घेऊन मोडली, भाजत होती तरी मोडली. हाडापाशी पांढरं. रस नितळ.

तिनं लगेच चौथी सोडली.

पाचव्या कोंबडीला लव्हर्नचं लक्ष गेलं. तिला दिसलं की आत्या आपल्या हाताकडं बघतेय. ती क्षणभर गोंधळली, पंखा खाली ठेवायला लागली. ओझेला म्हणाली, "ठेवू नको."

"का?"

"उकडतंय ना तुला."

"हो."

"मग घे वारा."

लव्हर्ननं पंखा उचलला. आता तिला समजलं होतं, आणि समजल्यामुळं हात बिघडला. तिला वाटायला लागलं, आता थांबवू का, आता? तिचा हात मध्येच अडखळला आणि ओझेला लगेच काटा घेऊन पुढं झाली, मग थबकली. त्या गोंधळात सहावीचे दोन तुकडे वाया गेले. ओझेला म्हणाली, "ऐकू नको. बाहेर बघ. तुझ्या पोरांचं काय चाललंय सांग."

मग लव्हर्ननं पोरांचं सांगितलं. थोरल्याला गाडी पाहिजे, धाकटीला एका पोराचे फोन येतात, त्याचा बाप अमका, त्याची आजी तमकी. ओझेलाला निम्मं ऐकू येत नव्हतं, पण ती मान हलवत होती, आणि लव्हर्न बोलत होती, आणि हात आपला आपला चालत होता, थांबत होता, चालत होता. आठव्या, नवव्या, दहाव्या कोंबडीपर्यंत.

चर्चच्या मागं झाडाखाली टेबलं लावली होती. चवळी, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव, युलाचं सॅलड मध्यभागी. ओझेला खोका घेऊन स्वयंपाकघरात आली तर ओट्यावर ते आठ डबे, पांढऱ्या फडक्याखाली. युला उभी होती. तिनं खोका उघडला, काही न विचारता एक मांडी उचलली, दोन्ही हातांनी मोडली आणि उजेडाकडं धरून हाड बघितलं. ओझेलानं तिला बघू दिलं. एरवी कुणी असं केलं असतं तर तिचं तोंड बघितलं नसतं तिनं पुन्हा. पण आज तिला स्वतःलाच खात्री नव्हती. सहाव्या कोंबडीचे ते दोन तुकडे तिनं घरीच ठेवले होते की खोक्यात गेले, हे तिला आठवेना.

युलानं दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. मग बोटं चाटली.

"मग जूनमध्ये काय झालं होतं तुला?"

ओझेलाचं लक्ष तिच्या ओठांवर होतं. तिला हे कळलं. ती म्हणू शकली असती, काही नाही, जूनमध्ये माझी तब्येत बरी नव्हती. युलानं ते मानलंही असतं. बाहेर डेट्रॉइटवाले, शिकागोवाले बाकांवर बसत होते, चाळीस वर्षं ही कोंबडी तिच्या एकटीच्या नावावर खात होते.

"मला ऐकू येत नाही, युला मे," ती म्हणाली. "तेल ऐकू येत नाही. लव्हर्न ऐकते, मी तळते. कोंबडी आमच्या दोघींची आहे. लोकांना तसंच सांग."

युलानं पांढरं फडकं उचललं, डबे एकावर एक रचले, मागच्या दारानं नेऊन आपल्या गाडीत ठेवले आणि वर आपली टोपी ठेवली. परत येताना मोठ्यानं, अगदी ओझेलाच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "आणि मला वाटायचं तू मुद्दाम माझ्याशी बोलत नाहीस."

"ते मुद्दामच होतं," ओझेला म्हणाली.

पास्टरनी त्या दिवशी दुफाटी हाडाचा तुकडा घेतला. रुमालानं तोंड पुसलं, एवढंच.

पुढं सात वर्षं असंच चाललं. कानाचं मशीन आलं, ओझेलानं ते कपबशांच्या फडताळात ठेवलं, म्हणाली त्यात तेल शिट्टी वाजवतं. मयताचे फोन लव्हर्नच्या घरी यायला लागले. लव्हर्न खुर्चीत, ओझेला तव्यापाशी. थंडीतही हातात पंखा. लोक हसायचे, आणि ओझेला सांगायची की पोरीला गरम होतं.

मार्चमध्ये ओझेला गेली तेव्हा जेवणाची कोंबडी कोण करणार हे कुणी विचारलं नाही. लव्हर्ननं रात्री मिठात घातली. पहाटे आत्याच्या स्वयंपाकघरात तवा ठेवला. काटा हातात घेतला. तुकडे सोडले आणि ऐकायला लागली, आणि तिला काही कळेना. आवाज ऐकू येत होता, चांगला येत होता, पण हे भांडण आहे की कुजबूज, ते सांगता येईना. कानाला ठाऊकच नव्हतं. तिनं घड्याळाकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. खुर्ची रिकामी.

युला आली होती, गुडघे धरत, काठी टेकत, सॅलडचं भांडं सुनेच्या हातात देऊन. ती दारात उभी राहून बघत होती. लव्हर्ननं काटा उजव्या हातात घेतला, डाव्या हातानं फडताळावरून तो पुठ्ठ्याचा पंखा काढला आणि स्वतःला वारा घालायला लागली. बाहेर दव गोठलेलं.

"थंडी आहे, पोरी," युला म्हणाली.

"हो, मिस युला. तुमच्या सुनेचं काय चाललंय?"

युला बोलायला लागली. सुनेचं, सुनेच्या आईचं, घराच्या छपराचं. पंखा हलत होता. मग थांबला, आणि काटा आत गेला.

जेवण झालं, लोक गेले, तवा पुसून झाला. ताटात पाठीचा एक तुकडा उरला होता, तो कुणी घेत नाही, त्यात हाडंच फार. लव्हर्ननं तो उचलला आणि स्टोव्हला टेकून चोखायला लागली.

युला म्हणाली, "बस जरा. पहाटेपासून उभी आहेस."

"बसते," लव्हर्न म्हणाली, आणि उभीच राहिली.